अनोळखी भाजीची जुडी घरी आणली, आता ती करावी कशी?

कृष्णाकाठ

नमस्कार. बदलीमुळे आम्ही गेल्या वर्षी सांगलीहून जळगावला आलो. आमच्या वसाहतीजवळ रविवारी सकाळी आसपासच्या गावांतले शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात. पाऊस सुरू झाल्यापासून तिथे अशा काही भाज्या दिसू लागल्या आहेत, ज्या मी माहेरी कधी शिजवल्या नाहीत, आणि काहींची तर नावेही ऐकलेली नाहीत. मला त्या शिकायच्या आहेत, कारण ज्या गावात राहायचे तिथले अन्न आपल्या चुलीवर यावे असे मला मनापासून वाटते.

गेल्या रविवारी मी तीन भाज्या आणल्या. कर्टुली मला ओळखू आली. दुसरी तरोटा. ती मी कांदा, टोमॅटो आणि गोडा मसाला घालून केली, तेव्हा तिला उग्र वास राहिला आणि घरात कोणीही दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. तिसरीचे नाव विक्रेत्या आजींनी सांगितले होते, पण गर्दीत मला ते नीट ऐकू आले नाही. पाने तांदुळज्यासारखी, पण देठ लांब आणि टोक अधिक निमुळते; काडीला खालच्या बाजूने तांबूस झाक आहे. ती जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. ही भाजी कोणती असेल? आणि जी भाजी आपण कधीच केलेली नाही, तिची सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ

ताई, तरोट्याचे दुःख मी समजू शकते, पण त्यात दोष भाजीचा नाही. आमच्याकडे यावल तालुक्यात तरोटा पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांतच खाल्ला जातो, कारण तेव्हा पाला बोटाच्या पेराएवढाच उंच आणि कोवळा असतो. एकदा रोप गुडघ्याला लागले आणि पिवळे फूल धरले की आम्ही तो तोडत नाही. कोवळा असला तरी त्याला वास असतोच. म्हणून आधी पाला उकळत्या पाण्यात पाच मिनिटे शिजवायचा, पाणी ओतून द्यायचे, गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळायचा आणि मगच चिरायचा. कढईत शेंगदाण्याचे तेल जरा सढळ हाताने घालावे, त्यात दहा-बारा ठेचलेल्या लसूण पाकळ्या लाल होऊ द्याव्यात, मग हिरवी मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेवटी पाला. टोमॅटो नको आणि गोडा मसाला तर नकोच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे असे मला वाटते. पालेभाजी अनोळखी असेल तर पहिल्या वेळी तेल, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ यांपलीकडे काही घालू नये. भाजीची स्वतःची चव कळली, की पुढच्या वेळी तिला काय मानवेल ते आपोआप सुचते. पहिल्याच दिवशी मसाला घातला तर आपण मसाल्याची भाजी खातो.

तिसरी भाजी फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

लळिंगचा_पायथा

वर्णनावरून मला ती कुर्डू वाटते. आमच्या धुळ्याकडे ज्वारीच्या शेतात भरपूर येते.

तापीकाठ ताईंच्या म्हणण्याला माझ्या आईची साक्ष देतो. आमच्या दारावर शिंदखेड्याकडून एक मावशी भाजी घेऊन येत असत आणि प्रत्येक जुडीबरोबर कृतीही सांगत. एकदा आईने नव्या भाजीत काळा मसाला घालू का, असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "हाई भाजी लसूणनी फोडणी दीसन कर, मसाला टाकू नको." आमच्या घरी आजही नवी भाजी आली की हे वाक्य म्हटले जाते.

गिरणाथडी

कुर्डू नसावी. कुर्डूचे पान भाल्यासारखे अरुंद असते आणि देठ जवळजवळ नसतोच. लांब देठ म्हणताहेत म्हणजे कुंजर किंवा माठाचाच एखादा प्रकार असेल. ताई, एखादे पान चावून पाहा, चवीवरून लगेच कळेल.

आहारमित्र

गिरणाथडी, आपल्या सल्ल्यातील शेवटचे वाक्य कृपया कोणीही अमलात आणू नये. मी आहारशास्त्राची पदवीधर आहे आणि या बाबतीत मला गप्प राहणे शक्य नाही. न ओळखलेले पान चावून पाहणे ही ओळख पटवण्याची पद्धत असू शकत नाही, कारण धोतऱ्यासारखी विषारी वनस्पती त्याच बांधावर, त्याच पावसात उगवते आणि घाईत केलेल्या तोडणीत तिचे एखादे पान जुडीत येऊ शकते. जुडी सोडून प्रत्येक काडी वेगळी पाहावी आणि जे पान इतरांशी जुळत नाही ते बाजूला काढावे. नाव पक्के झाल्याशिवाय भाजी शिजवूच नये. एक जुडी वाया गेली तरी चालेल.

चवीबद्दल एकच गोष्ट सांगते. ओळखीचा दुधी किंवा गिलके चिरताना जर कडूजहर लागले, तर तेही टाकून द्यावे. त्या कडवटपणामागे कुकुरबिटासिन हे द्रव्य असते आणि ते शिजवल्याने नाहीसे होत नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्या भाजीचा स्वभावच आहे. पण दुधी कडू लागणे हा इशारा समजावा.

गिरणाथडी

आहारमित्र ताई, आपले म्हणणे मान्य आहे. आम्ही लहानपणी रानात सगळेच चावून पाहत असू, पण तेव्हा शेजारी आजी उभी असे आणि ती ओळखत असे, हे मी लिहिताना विसरलो. माझा सल्ला मागे घेतो.

अनेर

मी कृषी विभागात तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. चोपडा आणि शिरपूर या दोन्ही तालुक्यांत माझी नोकरी झाली. मूळ प्रश्नाला एक बाजू जोडावीशी वाटते, आणि ती मला चवीपेक्षा महत्त्वाची वाटते.

तरोटा, कुंजर, केना, तांदुळजा, घोळ या सगळ्या भाज्या पिकाच्या भाषेत तण आहेत. पूर्वी कपाशीची निंदणी हातानेच होत असे. निंदणीला गेलेल्या बाया संध्याकाळी परतताना पदरात याच तणातले खाण्याजोगे निवडून आणत, आणि घरी तीच रात्रीची भाजी होई. कोणते रोप उपटून बांधावर फेकायचे आणि कोणते पदरात टाकायचे, हे ज्ञान निंदणीच्या ओळीत बसून एकीकडून दुसरीकडे गेले. आता मजुरी वाढली, मजूर मिळेनासे झाले, आणि बऱ्याच शेतांत तणनाशक फवारले जाते. शेतकऱ्याची अडचण मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे त्याला दोष देणार नाही. मात्र तणनाशकाबरोबर भाजी गेली, आणि तिच्यामागोमाग ती ओळखणाऱ्या डोळ्यांची नवी पिढी घडणेही थांबले.

म्हणून रानभाजी घेताना भावाच्या आधी दोन प्रश्न विचारावेत: ही कुठून तोडली, आणि त्या शेतात काही फवारले होते का? पडीक रानातली, डोंगरउतारावरची किंवा स्वतःच्या न फवारलेल्या बांधावरची असेल तर निःशंक घ्यावी. महामार्गाच्या कडेची किंवा सांडपाण्याच्या नाल्याजवळची भाजी कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नये. विक्रेत्या बाया खरे सांगतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना विचारलेले आवडते.

राहता राहिली तुमची जुडी. गिरणाथडी यांनी म्हटलेली कुंजर मलाही संभवते. एखाद्या काडीला फुलोरा आहे का ते पाहा. कुंजरीचा तुरा बारीक, लांब आणि विरळ असतो, फुले फिकट गुलाबी. कुर्डूचा तुरा जाड आणि गच्च भरलेला असतो, तर तांदुळज्याची फुले हिरवट आणि गुच्छात येतात.

पुणेकर_खान्देशी

अनेर काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आले. माझी आजी एरंडोलजवळच्या एका खेड्यात निंदणीला जात असे आणि तिच्या ओच्यात चिवळ असे. ती चिवळ निवडायला आम्हा सगळ्या नातवंडांना बसवत असे, कारण पाने मुगाएवढी आणि त्यांत माती फार. चार पाण्यांतून धुवावी लागते: परातीत पाणी घ्यायचे, भाजी वरच्या वर उचलायची, तळाची माती ओतायची, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करायचे. मग लसणाच्या फोडणीवर भिजवलेली मुगाची डाळ घालून वाफवायची, किंवा वरून बेसन पेरायचे. चव किंचित आंबट लागते. उन्हाळ्यात ती इतकी थंड मानत की तान्ह्या बाळाला चिवळीच्या पाल्यावर निजवीत असत, हे मी माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत पाहिले आहे.

पुण्यात कधीतरी घोळ मिळते. तिची पाने मोठी आणि मांसल असतात. दोघी बहिणीच आहेत, पण घोळीला चिवळीची सर नाही असे मला वाटते.

आहारमित्र

घोळीला कमी लेखू नये ही विनंती. ओमेगा-३ प्रकारचे मेदाम्ल पालेभाज्यांमध्ये फारसे नसते, पण घोळीत ते चांगल्या प्रमाणात असते. मात्र घोळ, चिवळ, माठ, तांदुळजा, चुका या सगळ्यांत ऑक्झलेटही भरपूर असते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी या भाज्या रोज न खाता अधूनमधून खाव्यात आणि उकळून पाणी टाकून कराव्यात. उकळल्याने त्यातला बराच भाग पाण्यात उतरतो.

लळिंगचा_पायथा

मग अंबाडीचे काय? आमच्या घरी अंबाडीचे उकळलेले पाणी टाकायचे की ठेवायचे यावर दोन पक्ष आहेत. आई टाकते, आत्या म्हणते की मग भाजीत राहिले काय.

तापीकाठ

मी आत्यांच्या बाजूची आहे, पण अर्धीच. पावसाळ्यातली पहिली कोवळी अंबाडी असेल तर पाणी टाकण्याचे कारण नाही. पाने जून झाली, की आंबटपणा दातांना झोंबतो, तेव्हा पहिले पाणी टाकावे. आमची पद्धत सांगते. एक मोठी जुडी असेल तर अर्धी वाटी तुरीची डाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या आणि मूठभर शेंगदाणे वेगळे शिजवून घ्यावेत. उकडून पिळलेला पाला त्यात घालून रवीने किंवा पळीने घोटावा, मीठ आणि बेताचा गूळ घालावा आणि भाजी चांगली रटरटू द्यावी. वाढताना वरून लसूण आणि सुक्या लाल मिरचीचे कडकडीत तेल ओतावे. सोबत कळण्याची भाकरी असली की दुसरे काही लागत नाही. ज्वारीबरोबर उडीद दळलेले हे पीठ, त्यामुळे भाकरीला एक खमंगपणा असतो आणि अंबाडीचा आंबटपणा ती पेलून धरते.

अंबाडी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत शिजवू नये. आंबट पदार्थाने भांड्याचा धातू उतरतो.

गिरणाथडी

गुळाला माझा विरोध नोंदवावा. भडगावकडे आमच्या घरी अंबाडीत गूळ घातला तर आजोबा ताट बाजूला सारत.

तापीकाठ

आजोबांचा मान राखते. गूळ खड्याएवढाच घालते, पण घालते.

अक्राणी

मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. शाळेतल्या मुलांकडून मी जेवढ्या भाज्या शिकलो, तेवढ्या घरीही शिकलो नाही. पावरा आणि भिल्ल कुटुंबांतली दुसरी-तिसरीतली मुलेही कोणता पाला कोणत्या महिन्यात खायचा आणि कोणता कंद नुसता उकडून चालत नाही, हे नेमके सांगतात. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाजी मांडणारी बाई स्वतः उभी असते आणि बहुतेक वेळा शिजवलेली भाजीही चाखायला मिळते. कृष्णाकाठ ताईंनी अशा ठिकाणी एकदा जरूर जावे. पानाचा फोटो पाहून जे कळत नाही, ते त्या बाईच्या हातात पान पाहिल्यावर कळते.

सातपुड्यात पावसाळ्यात बांबूचे कोंब मिळतात. काही मंडळी ते बाजारात पाहून हौसेने घेतात आणि थेट फोडणीला टाकतात, म्हणून मुद्दाम लिहितो. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. बाहेरची पाती सोलून आतला पांढरा गाभा अगदी पातळ चिरावा, रात्रभर पाण्यात ठेवावा, मध्ये पाणी बदलावे, सकाळी भरपूर पाण्यात उघड्या भांड्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि मग भाजी करावी. इथल्या बायका हे सारे रसायनशास्त्र न शिकता पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. त्यांनी सांगितलेली एकही पायरी "वेळ नाही" म्हणून गाळू नये.

पुणेकर_खान्देशी

कर्टुल्यांबद्दल कोणीच लिहिले नाही! ताई, त्यांचे काय केलेत?

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती. कर्टुली मी कारल्यासारखी मीठ लावून, पिळून केली. बरी झाली, पण मऊ पडली. जुडी आहारमित्र ताईंच्या सांगण्याप्रमाणे सोडून पाहिली. एक पान वेगळे निघाले, ते टाकले. एका काडीला बारीक तुरा आहे, पण फूल उमललेले नाही, त्यामुळे रंग सांगता येत नाही. रविवारी आजींनाच विचारते. तोपर्यंत शिजवत नाही.

तापीकाठ

कर्टुल्याला मीठ लावून पिळण्याची गरज नसते, ते कारल्याएवढे कडू नसतेच. धुऊन पुसून पातळ चकत्या कराव्यात. बी कोवळे असेल तर राहू द्यावे, ते खाताना कुरकुरीत लागते. पिकून लाल झालेले, टणक बी तेवढे काढावे. लोखंडी तव्यावर तेलात कांदा, मग चकत्या, वर झाकण ठेवायचे नाही आणि पाण्याचा थेंबही घालायचा नाही. कडा तपकिरी झाल्या की तिखट, मीठ आणि शेंगदाण्याचा कूट. झाकण ठेवले की वाफ धरते आणि भाजी मऊ पडते.

अनेर

कर्टुली महाग का, असे अनेक जण विचारतात, म्हणून थोडे विषयांतर करतो. या वेलीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फळ फक्त मादी वेलीला धरते, आणि जवळ नर वेल नसेल तर तेही धरत नाही. बियांपासून लावली तर कोणती वेल नर निघेल हे फुलावर येईपर्यंत कळत नाही. म्हणून लागवड करणारे मादी वेलीचे कंद लावतात आणि त्यांत थोड्या नर वेली ठेवतात. रानातली कर्टुली तोडणाऱ्याला काट्याकुट्यांतून फिरून एकेक फळ वेचावे लागते. हा सगळा खटाटोप पावशेराच्या भावात असतो. तिथे घासाघीस करू नये, असे मला वाटते.

लळिंगचा_पायथा

अनेर काकांना एक प्रश्न. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला धुवावा की धुऊ नये? आई म्हणते की धुतला की आंब निघून जाते.

अनेर

आई बरोबर सांगतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. आपण त्यालाच आंब म्हणतो, आणि भाजीची चव त्यातच असते. पाण्याने ती धुऊन जाते. पण हा सल्ला ज्या काळातला आहे, त्या काळी हरभऱ्यावर घाटेअळीसाठी आजच्यासारखी फवारणी होत नव्हती. आपल्याच शेतातला, न फवारलेला पाला असेल तर नुसता झटकून घ्यावा. बाजारातला असेल तर धुवावाच आणि गेलेली आंब थोड्या आमचुराने भरून काढावी. धडगावकडचा आमचूर मिळाला तर उत्तम.

अक्राणी

त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

गिरणाथडी

ताई सांगलीच्या आहेत म्हणून आणखी एक सुचवतो. हिवाळ्यात बाजारात फिकट हिरवी, मोठाली, पांढरट रेघांची वांगी दिसतील. ती रश्शासाठी घेऊ नका, ती भरताची आहेत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्याकडे ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणासह ठेचतात आणि कांद्याची पात घालतात. गॅसवर भाजली तरी चालेल, पण एकदा तरी काड्यांवर भाजलेले भरीत खाऊन पाहा.

कृष्णाकाठ

रविवारी बाजारात जाऊन आले. उशिरा लिहीत आहे, क्षमस्व.

आजी त्याच जागी बसल्या होत्या. मी काडी दाखवली आणि नाव विचारले, तेव्हा त्यांनी "कुंजर" असे दोनदा स्पष्ट उच्चारून सांगितले. अनेर काकांचा आणि गिरणाथडी यांचा अंदाज खरा ठरला. कुठून तोडली, असेही विचारले. त्यांच्या घरची दोन एकर ज्वारी आहे आणि तिची निंदणी त्या व त्यांची सून मिळून करतात, फवारणी नाही. मग त्यांनी आपल्या पाटीतली फुलावर आलेली एक काडी काढून दिली. तुरा बारीक, फुले गुलाबी. शेजारी कुर्डूची काडी धरून फरकही दाखवला. मी घरून नेलेली जुडी पाहून मात्र त्या म्हणाल्या की ही आता शिळी झाली, गाईला घाल, आणि ताजी जुडी दिली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मी दिले.

कृतीही त्यांनीच सांगितली: जाड काड्या काढायच्या, पाला बारीक चिरायचा, लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतायचा, झाकण न ठेवता पाणी आटवायचे आणि शेवटी मूठभर तुरीची शिजलेली डाळ घालायची. तसेच केले. चव तांदुळज्याच्या जवळची आहे, पण जरा अधिक गोडसर लागली. माझ्या मुलाने तरोटा बाजूला सारला होता. ही त्याने भाकरीबरोबर दोनदा घेतली.

आता आजींनी पुढच्या रविवारी फांदीची भाजी आणते म्हणून सांगितले आहे. पाने मोठी, हृदयाच्या आकाराची असतात एवढेच कळले. ती कशी करतात?

तापीकाठ

फार आनंद झाला, ताई. फांदीचे अगदी शेंड्याचे कोवळे पान घ्या, मागची जाड शीर काढा, एकावर एक पाने ठेवून गुंडाळी करा आणि बारीक चिरा. मुगाची डाळ आधी भिजवून ठेवा. बाकी फोडणी तुम्हाला आता पाठ झाली आहे. आणि आजींना विचारा की त्यांच्या घरी ती चिरण्याआधी उकडतात की नाही; आमच्या दोन गावांमध्येच यावर मतभेद आहेत, त्यामुळे तुम्ही त्यांच्याच पद्धतीने करा आणि आम्हाला कळवा.